ऑन-रोड किमतीतली 'आरटीओ' नावाची ओळ: तिच्यात नक्की काय काय असतं?

वळणदार (धागाकर्ता)

गाडी घ्यायची म्हणून ऑगस्टपासून शोरूमच्या चकरा चालू होत्या. पेट्रोल, बाराशे सीसीच्या आतली, कर्जावर. ऑगस्टमधल्या कोटेशनवर एक्स-शोरूम (म्हणजे नोंदणी-विमा धरण्याआधीची किंमत) 9,84,000 आणि खाली एका ओळीत 'आरटीओ 1,12,000'. मग 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरला, लहान गाड्यांवर 28 टक्के आणि वर उपकर होता तो जाऊन 18 टक्के झाला. सेल्समनने मोठ्या उत्साहात नवं कोटेशन व्हॉट्सॲपवर धाडलं. एक्स-शोरूम 9,00,000. वा! नजर खाली सरकली तर 'आरटीओ 1,12,000'. जसंच्या तसं.

मी हप्त्याच्या गणितात गुंतलेलो, माझ्या लक्षातही आलं नसतं. बायकोने विचारलं, "किंमत उतरली तर तिच्यावरचा टॅक्स नको का उतरायला?"

रात्री दोघं कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी मोटार वाहन कर 11 टक्के. म्हणजे 99,000. नोंदणी शुल्क 600. स्मार्ट कार्ड 200. कर्जाचा बोजा चढवायचे 1,500. झाली बेरीज 1,01,300. मग वरचे 10,700 कुठले? जुन्या किमतीवर हेच गणित केलं तर 1,10,540 येतात, म्हणजे तेव्हाही दीड हजार वर होतेच. पण तेव्हा आम्ही गणित केलंच नव्हतं.

सेल्समनला फोन केला तर म्हणाला, "सर, ते सगळं इन्क्लुडिंग आहे." कशाचं इन्क्लुडिंग विचारलं तर "आरटीओचं सर, रजिस्ट्रेशनचं." तीन वेळा विचारलं, तीन वेळा हेच.

(आकडे जरा गोल केलेत, शोरूम आणि गाडीचं नाव मुद्दाम देत नाही.)

माझं म्हणणं एवढंच आहे की हॉटेलात साधा चहा-नाश्ता केला तरी बिलावर प्रत्येक पदार्थाची वेगळी ओळ येते. इथे लाखाच्या वरची रक्कम, तीही 'सरकारला जाणारी' म्हणून, एका शब्दात का लिहून मिळते? तुमचा अनुभव काय? कोणाला कोटेशनवरच फोड करून मिळाली आहे का?

---

सुपारीबाज

+1. मी गेल्या वर्षी गाडी घेतली तेव्हा कोटेशनवर 'RTO + HC' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. एचसी म्हणजे हायपोथिकेशन, कर्जाचा बोजा, असणार असं मी मनाशी ठरवून टाकलं. डीलरचे हँडलिंग चार्जेस निघाले.

---

खाकी फाइल

परिवहन खात्यातूनच निवृत्त झालो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोकांचा गोंधळ होतो कारण या एका ओळीला बाप दोन आहेत. *शुल्क* ठरवतं केंद्र आणि *कर* ठरवतं राज्य. शुल्काचा तक्ता केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 च्या नियम 81 मध्ये आहे. डिसेंबर 2016 मध्ये तो सुधारला. दुचाकी 300, खाजगी चारचाकी 600, परदेशातून आणलेली गाडी असेल तर 5,000. बोजा नोंदवायचा तर दुचाकीला 500, चारचाकीला 1,500. हे आकडे देशभर सारखे. गाडी चार लाखांची असो नाहीतर चाळीस लाखांची, नोंदणी शुल्क 600 च. म्हणजे ज्याला खरं 'रजिस्ट्रेशन' म्हणायचं ते एवढंसं. बाकी सगळा कर.

राज्याचा कर किमतीवर आणि इंधनावर चालतो. पेट्रोलला 10 लाखांपर्यंत 11, 20 लाखांपर्यंत 12, त्यापुढे 13 टक्के. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. सीएनजीला कमी, पण 1 जुलै 2025 पासून तिथेही एक टक्का वाढ झाली. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर सरसकट 20 टक्के. दुचाकीला इंजिनाप्रमाणे 10, 11 किंवा 12. कराची कमाल मर्यादा पूर्वी 20 लाख होती, ती त्याच तारखेपासून 30 लाख झाली, पण ते आपल्यापैकी कोणाला लागू पडेल असं वाटत नाही.

आता मुद्द्याचं. परिवहन खात्याच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत जी पावती निघते तिच्यात हे सगळं सुटं सुटं छापलेलं असतं. नोंदणी वेगळी, कार्ड वेगळं, बोजा वेगळा, कर वेगळा. सरकारकडून काही लपलेलं नाही. लपतं ते सरकार आणि तुमच्या मधल्या टेबलावर. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याच राज्यात नोंदणी होणार असेल तर नव्या गाडीचा अर्ज वितरकानेच करायचा आहे. त्यामुळे पैसे भरतो तो, पावती येते त्याच्याकडे, आणि तुम्हाला मिळते आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र. बहुतेक लोक पावती मागतच नाहीत.

---

तिरकस

नऊ लाखांची गाडी घेताय आणि दहा हजारांसाठी रात्र जागवलीत? पुढच्या महिन्यात सीट कव्हर आणि बंपरवर तेवढेच घालाल.

---

वळणदार

@तिरकस, घालेनही. पण सीट कव्हर मला दिसेल हो.

@खाकी फाइल, फार उपयोगी माहिती. एक शंका: डिलिव्हरीआधी पावती मागितली तर देतात का? की गाडी ताब्यात आल्यावरच?

---

खाकी फाइल

कर भरल्याशिवाय नंबर पडत नाही. नंबर पडला याचा अर्थ पावती निघालेली आहे. तेव्हा 'अजून आली नाही' हे उत्तर नंबर पडल्यानंतर मान्य करू नका. अर्ज क्रमांक मागून घ्या, परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज कुठवर आलाय ते दिसतं. आणि कोटेशनच्या टप्प्यावरच तिथल्या कर मोजायच्या सोयीत आपला आकडा तपासून ठेवायचा.

---

चाकाखालचा

दुसरी बाजू मांडतो, आधीच सांगतो की मी एका डीलरकडे काम करतो (सेल्सला नाही, आरटीओ फाइल्सवरच). शिव्या घालण्याआधी वाचा.

एका गाडीची फाइल म्हणजे काय? फॉर्म 20, 21, 22, विमा, पत्त्याचा पुरावा, बँकेचं पत्र, चॅसिस नंबरचा ठसा. पेन्सिल घासून कागदावर तो ठसा घ्यायचा, आणि पावसाळ्यात कागद दमट झाला की अक्षर उमटतच नाही, परत घ्या. मग स्कॅन, अपलोड, त्यात एखादं नाव आधारवर वेगळं आणि पॅनवर वेगळं. फाइल परत. या कामाला माणूस लागतो आणि त्याचा पगार कुठून तरी निघतो. गाडीवरचं कमिशन लोकांना वाटतं तेवढं नाही. महिनाअखेरीला टार्गेट गाठायला डिस्काउंट द्यावा लागतो, तो खिशातून जातो. मग मालक म्हणतो, 'आरटीओ'त टाका.

चूक आहे का? आहे. गिऱ्हाईक शोरूमच्या किमतीवर तासभर घासाघीस करतं आणि आरटीओच्या ओळीवर एक अक्षर बोलत नाही, कारण त्याला वाटतं ते सरकारचं आहे. म्हणून पैसे तिथे लपवले जातात. तुम्ही जिथे भांडत नाही तिथेच भरलं जातं, एवढंच त्याचं गुपित.

वळणदार यांच्या बाबतीत तर मला वाटतं कोणी मुद्दाम काही केलंही नसेल. एक्सेलमध्ये एक्स-शोरूमचा रकाना बदलला आणि आरटीओचा आकडा हाताने टाकलेला होता, तो तसाच राहिला. पण राहिलेला दुरुस्त करायची घाई कोणाला असते?

---

सुपारीबाज

@चाकाखालचा, एवढं खरं लिहिल्याबद्दल दंडवत. नोकरी सांभाळा.

---

लांबचा

मी कॅलिफोर्नियात असतो, तिथला प्रकार सांगतो, तुलना म्हणून.

दरवर्षी नूतनीकरणाची नोटीस येते तिच्यावर सगळं ओळीओळीने असतं. नोंदणीची मूळ फी, महामार्ग पोलिसांसाठीची फी, गाडीच्या किमतीवर 0.65 टक्के लायसन्स फी, रस्त्यांसाठीची वेगळी. पैकी 0.65 टक्केवाला भाग आयकरात वजावटीला चालतो, म्हणून तो वेगळा दाखवावाच लागतो. नवी गाडी घेताना डीलरही कागदपत्रांचे पैसे घेतो, राजरोस घेतो, पण करारात त्याची वेगळी ओळ असते आणि राज्याने त्याला कमाल मर्यादा घातली आहे. मी घेतली तेव्हा 85 डॉलर होती.

म्हणजे चाकाखालचा म्हणतात तसा फाइलीचा खर्च असतो हे तिथेही मान्य आहे. फरक इतकाच की त्याला नाव आहे आणि छत आहे. आपल्याकडे 'हँडलिंग बेकायदा' म्हणून ओरडा होतो, मग ते नाव कोटेशनवरून गायब होतं आणि रक्कम शेजारच्या ओळीत जाऊन बसते. त्यापेक्षा सरळ परवानगी द्या, वर मर्यादा घाला.

---

खाकी फाइल

@लांबचा, याला माझा विरोध आहे. आपल्याकडे मर्यादा घातली की ती मर्यादा न राहता दर होते. 'जास्तीत जास्त अमुक' लिहिलं की पहिल्याच दिवशी सगळे तेवढेच घेतात. अर्ज करणं ही कायद्याने वितरकावर टाकलेली जबाबदारी आहे, गिऱ्हाइकाला केलेली मेहरबानी नाही. स्वतःची जबाबदारी पार पाडण्याचे वेगळे पैसे कसले?

---

लांबचा

आज मर्यादा नाही तर वळणदार यांना 10,700 लागले. मर्यादा दोन हजार असती आणि सगळ्यांनी दोनच हजार घेतले असते तरी आठ हजार सातशे वाचले असते. तत्त्व तुमचं बरोबर, हिशोब माझा.

---

खाकी फाइल

हिशोब मान्य. तत्त्व सोडवत नाही, वयाचा दोष.

---

मीठमिरची

आरटीओच्या ओळीखालीच विम्याची ओळ असते, तिकडेही बघा हो! आमच्या कोटेशनवर 'इन्शुरन्स 46,000' एवढंच होतं. त्यातला थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर, तो) भाग सरकारी दराने ठरलेला असतो. 1000 ते 1500 सीसीच्या नव्या खाजगी गाडीला तीन वर्षांचे 10,640, वर जीएसटी. तो कुठेही गेलात तरी तेवढाच. (नव्या चारचाकीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यायचा हा नियम सप्टेंबर 2018 पासून.) उरलेला स्वतःच्या नुकसानीचा विमा आणि ॲड-ऑन, तिथे खरा फरक पडतो. मी बाहेरून त्याच कंपनीची, त्याच कव्हरची पॉलिसी काढली, 31 हजारांत झाली. शोरूमवाले आधी म्हणाले 'मग कॅशलेस मिळणार नाही'. लेखी द्या म्हटल्यावर आवाज बंद.

आणि गाडी दहा लाखांच्या वरची असेल तर 1 टक्का टीसीएस (विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन भरायचा आयकर) दिसेल. तो खर्च समजू नका, आपल्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो. माझ्या दिराने तीन वर्षं तो मागितलाच नव्हता.

---

तिरकस

टीसीएसचं माहीत नव्हतं. माझी गाडी साडेबारा लाखांची होती. आत्ता 26AS (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) उघडून बघितलं. आहे.

आधीचा प्रतिसाद मागे घेतो.

---

जुनीच बरी

नव्या गाड्यांचं बोलताय, जुन्यांनाही दोन शब्द. माझी पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणून नूतनीकरणाला गेलो. मनात तोच सहाशेचा आकडा. एजंट म्हणाला 'साडेअकरा हजार, सगळं मिळून'. हे 'सगळं मिळून' आरटीओ ओळीचंच भावंड.

घरी येऊन शोधलं. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या चारचाकीचं नूतनीकरण 5,000, दुचाकीचं 1,000. महाराष्ट्रात पाच वर्षांचा पर्यावरण कर वेगळा, पेट्रोल चारचाकीला 3,000. आणि कार्ड. म्हणजे सव्वाआठ हजारांच्या आतबाहेर. शेवटी स्वतःच ऑनलाइन भरले आणि तपासणीला गाडी घेऊन गेलो. अर्धा दिवस मोडला. एजंटला दिलेले पैसे हे त्या अर्ध्या दिवसाचे असतात हे मला पटतं, पण त्याने तसं सांगावं ना. 'तीन हजार माझे' म्हणाला असता तर कदाचित दिलेही असते.

ज्यांच्या गाड्या वीस वर्षांच्या पुढे आहेत त्यांनी जपून. ऑगस्ट 2025 पासून चारचाकीला 10,000 झालेत.

---

सुपारीबाज

अवांतर: नंबर प्लेटचे पैसे वेगळे लावलेत का कोणाला? 2019 च्या एप्रिलपासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा प्लेट उत्पादकानेच द्यायची आहे. मला 1,200 लावले होते. जुन्या चारचाकीला सरकारने ठरवलेला दर 745 अधिक जीएसटी, म्हणजे नऊशेच्या आत, तोही घरच्या जुन्या गाडीला वेगळा भरला. नव्या गाडीची प्लेट जुनीपेक्षा महाग कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

---

चाकाखालचा

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे पण इथे लिहिणार नाही. :)

एक कामाची गोष्ट मात्र सांगतो. फाइल भरताना मोबाइल नंबर कोणाचा टाकलाय ते बघा. घाईत आमच्याकडची मुलं स्वतःचा नंबर टाकतात, कारण ओटीपीसाठी प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाला फोन नको. मग कर भरल्याचा, नंबर पडल्याचा एसएमएस त्या मुलाला जातो. मालकाला तीन-चार वर्षांनी गाडी विकताना कळतं की आरसीवर भलत्याच माणसाचा नंबर आहे. स्वतःचा नंबर असेल तर निदान किती भरले ते थेट तुमच्या फोनवर येतं. पावती मागायची गरजच अर्धी संपते.

---

वळणदार

ताजी खबर. काल शोरूमला जाऊन आलो.

परिवहनच्या साइटवरचा कराचा आकडा आणि नियम 81 चा तक्ता, दोन्ही छापून नेले होते. सेल्समनने कागद बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि 'मॅनेजर सरांना बोलावतो' म्हणाला. मॅनेजर आले, चहा आला. त्यांनी स्वतः लॅपटॉपवर कोटेशन उघडलं आणि आरटीओचा आकडा खोडून 1,01,300 केला. एक शब्द न बोलता. मला वाटलं जिंकलो.

मग त्यांनी खाली एक नवी ओळ टाकली. 'डॉक्युमेंटेशन अँड लॉजिस्टिक्स 6,500'.

मी हसलो, तेही हसले. चाकाखालचा यांचा प्रतिसाद डोक्यात होता म्हणून म्हटलं, "फाइलीचं काम असतं ते मान्य, पण लॉजिस्टिक्स कसलं? गाडी कारखान्यातून इथवर आणण्याचा खर्च एक्स-शोरूममध्ये धरलेला नाही का?" ओळ 2,500 वर आली. बायको म्हणाली, "यावर जीएसटीसकट बिल द्याल?" तेव्हा ती ओळ गेली आणि ॲक्सेसरीज पॅकमध्ये फ्लोअर मॅट आले. पॅक आम्ही मागितलाच नव्हता, त्यामुळे तोही काढायला लावला. मॅट बाहेर सातशेला मिळतात.

खरं सांगू? पैसे वाचले यापेक्षा ती 6,500 ची ओळ माझ्या डोळ्यांदेखत जन्माला आली याचं जास्त वाटलं. तोवर ती आरटीओच्या पोटात होती.

फाइलीवर माझाच मोबाइल नंबर आहे, स्वतः पाहून आलो.

---

नवशिकी

धागा वाचतेय, फार कामाचा आहे. माझ्या स्कूटरचं कोटेशन: 110 सीसी, एक्स-शोरूम 82,000, आरटीओ 11,800. कर्ज नाही. बरोबर आहे का? आणि ताईने इलेक्ट्रिक घेतली, तिलाही 'आरटीओ 3,500' लावलेत. इलेक्ट्रिकला टॅक्स माफ आहे ना?

---

वळणदार

तुमची स्कूटर 100 ते 299 सीसीत बसते, म्हणजे 11 टक्के. 9,020. नोंदणी 300, कार्ड 200. झाले 9,520. वरच्या 2,280 चं नाव विचारा.

ताईचं खाकी फाइल सांगतील.

---

खाकी फाइल

बॅटरीवरच्या गाडीला राज्याचा कर माफ. मार्च 2025 मध्ये तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर 6 टक्के लावायचा प्रस्ताव होता, तो मुख्यमंत्र्यांनी त्याच अधिवेशनात मागे घेतला. स्कूटरचा तर प्रश्नच नव्हता. केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये नोंदणी शुल्कही माफ केलं. कार्डाचे, आणि कर्ज असेल तर बोज्याचे 500, एवढंच उरतं. ताईंना म्हणावं, पावती मागा.

---

नवशिकी

मागितली. शोरूमवाला म्हणाला, "मॅडम, पावती ऑनलाइन असते, कागद येत नाही." ताईने त्याच्यासमोरच फोन काढून म्हटलं, "मग अर्ज क्रमांक द्या, मी बघते." आता तो म्हणतो साहेब जेवायला गेलेत.

ती तिथेच बसली आहे. कळवते.